शिंगं घासली नाहीत

आमचा म्होरक्या एडका मेला, तेव्हा वडिलांची नजर जवळजवळ गेली होती. मेंढरं त्या एडक्यामागं चालायची आणि वडील मेंढरांमागं. त्याला नुसतं पुरून टाकायला ते तयार होईनात, जेवणही सोडलं. कुणीतरी सांगितलं, धर्मापुरीत एक बाई घरामागं कातडी कमावतात, कवटी साफ करून भिंतीला लावण्याजोगी करून देतात.

मी कातडं आणि मुंडकं पोत्यात घालून त्यांच्याकडे गेलो. बाईंनी पोतं उघडून आधी एडक्याचे डोळे मिटवले. मग कातड्याला मीठ चोळत वडिलांबद्दल विचारत राहिल्या.

महिन्याभरानं पुन्हा गेलो. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं मऊ झालं होतं. कवटी पांढरीशुभ्र होती, सुटलेले दातही त्यांनी जागच्या जागी बसवले होते. शिंगं तेवढी खडबडीतच होती.

"शिंगं घासली असती तर चकाकली असती," मी म्हणालो.

"तुमच्या वडलांना दिसत न्हाई म्हणलात ना?" त्या म्हणाल्या. "मग चकाकी कावून करायची? हाताला वळख पटली पायजे."

घरी वडिलांनी कवटी मांडीवर घेतली. शिंगावरून फिरणारी बोटं एका खाचेपाशी थांबली.

"नांदूरघाटच्या बाजारात टेम्पोला धडकलता," ते म्हणाले आणि हसले. "लई माजला होता."

मग त्यांनी स्वतःहून भाकरी मागितली. त्या बाईंचं नाव मी विचारलं नव्हतं, पण भाकरी वाढताना मनात त्याच होत्या.