हुदाकच्या पिस्तुलाचा दस्ता

लेनर्ड हुदाकनं चाळीस वर्षं काच कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. त्यानं कापलेल्या लोखंडाला पुन्हा कानस लावायची वेळ कधी आली नाही. मी शेजारच्याच खात्यात होतो, त्याच्या हाताचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते. माणूस मात्र महाहट्टी. कुणाची मदत घ्यायची म्हटलं की त्याचं तोंड कडू व्हायचं.

संग्रहातली म्हणावी अशी वस्तू त्याच्याकडे एकच होती: बापानं युद्धावरून आणलेलं बेल्जियमचं पिस्तूल, सोबत ते घरी न्यायच्या परवानगीचा, कप्तानाच्या सहीचा कागद. दर ऑक्टोबरात, बापाच्या वाढदिवसाला, सगळे हुदाक शेतामागच्या मातीच्या बांधापाशी जमत. कॉफीचा रिकामा डबा ठेवायचा, थोरल्यानं त्या पिस्तुलानं तो पाडायचा, मगच कोबी-शेवयांच्या पातेल्यावरचं झाकण निघायचं. लागोपाठ दोन वर्षं डबा पडला नाही, तर पिस्तूल पुढच्या पिढीकडे द्यायचं. हा नियमही बापाचाच.

गेल्या साली लेनर्डच्या पिस्तुलातल्या तेराही गोळ्या मातीत गेल्या. "ऊन डोळ्यांवर आलं," तो म्हणाला. आभाळ भरलेलं होतं.

यंदा सप्टेंबरात आमच्या जुन्या बंदुका जमवणाऱ्यांच्या क्लबची सकाळची बैठक अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये होती. लेनर्ड तासभर आधीच आला. हॉलमध्ये मी एकटाच कॉफी लावत होतो. त्यानं लांबट पेटी उघडली. पिस्तुलाच्या मुठीला मागून अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता जोडलेला होता, रायफलीसारखा खांद्याला टेकवायचा.

"बघ मर्ल, कसं घट्ट बसतं!"

"हे कुठून आणलंस?"

"आणतोय कसला? घरी केलं. या जातीला दस्ते असायचेच की."

"आधीच्या पिस्तुलांना. तुझं नंतरचं. याच्या मुठीला दस्ता अडकवायची खाचच नव्हती."

"नव्हती. आता आहे."

मी आधी जाऊन दार लावलं.

"काढ तो, गाढवा! सरकारी यादीतल्या पिस्तुलाला त्याचा अस्सल दस्ता असेल तर सूट मिळते. घरचा लावलास की कायद्यानं ही आखूड रायफल झाली. त्याला आधी अर्ज, मग मंजुरी, मग काम. दहा वर्षं आत जाशील."

"माझ्या बापाचं पिस्तूल आहे ते."

"होतं. बापानं आणलं तसं ते आता राहिलंय का? खाच भरलीस तर वरचा मूळचा रंग जाईल. नाही भरलीस तर कुठलाही संग्राहक हातात घेऊन परत ठेवेल."

त्यानं दस्ता उपसून काढला आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले. मी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि खाच उजेडात धरली. ती तिरकी गेली होती. दोन ठिकाणी कटर रेषेबाहेर घुसला होता. एखाद्या नवशिक्यानं असं काम केलं असतं, तर लेनर्डनं त्याला मशीनपाशी उभं केलं नसतं. माझा राग तिथंच उतरला. फार वाईट वाटलं.

"लेन, हात कधीपासून थरथरतायत?"

"दोन वर्षं झाली. खांद्याचा आधार मिळाला तर डबा पडेल, असं वाटलं. रोझॅनला सांगू नकोस." रोझॅन ही त्याची एकुलती एक मुलगी.

"नाही सांगत."

बैठकीला न थांबता आम्ही माझ्या शेडमध्ये गेलो. दस्ता बाकावरच्या पकडीत आवळला. लेनर्डनं करवत उचलली, खाली ठेवली आणि माझ्याकडे सरकवली.

"तू काप."

इतक्या वर्षांत त्यानं मला सांगितलेलं हे पहिलं काम. मी चार तुकडे केले आणि शेगडीत टाकले.

ऑक्टोबरात मीही बांधावर होतो. डबा लेनर्डनंच ठेवला. परत येऊन त्यानं पिस्तूल रोझॅनपुढे धरलं.

"अहो बाबा, अजून यंदाचं वर्ष आहे तुमचं!"

"शेवया गार होतात. घे."

तिनं मूठ धरली. तळव्याला खाचेची कड टोचली तशी तिनं मूठ उलटून पाहिली.

"हे कुणी करून ठेवलंय? किती वाकडं!"

मी तोंड उघडणार होतो. त्याआधी लेनर्डनं दोन्ही हात खिशातून बाहेर काढले आणि सगळ्यांना दिसतील असे पुढे धरले.

"मी," तो म्हणाला.