ही ऑर्डर आमची न्हाई

"ही ऑर्डर आमची न्हाई."

काकी असं म्हणाल्या तेव्हा तीन किलोचा केक माझ्या दोन्ही हातांत होता. कराडात, दुपारी साडेचारला, त्यांच्या बंगल्याच्या फाटकात. खोक्याच्या झाकणाला पारदर्शक कागद होता आणि त्यातून केकवरची नावं वाचता येत होती. पहिलं नाव त्यांचंच. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्यांच्या सुनेनं केक सांगितला होता. सुनेनं जसं सांगितलं तसं मी लाल क्रीमनं लिहिलं होतं. जिचं नाव केकवर, तीच बाई म्हणत होती की ऑर्डर आमची न्हाई.

दोन मिनिटांपूर्वी याच बाईनं केक बघून तोंडभर हसून म्हटलं होतं, "लय झ्याक केलंयस गं." घ्यायला हात पुढं केला होता. आणि मग विचारलं, "कुणाची गं तू? ऱ्हातीस कुठं?"

मी वस्तीचं नाव सांगितलं.

"आडनाव काय?"

तेही सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत हे त्यात आलंच. त्या आडनावात ते असतंच.

पुढं आलेला हात मागं गेला. त्यांनी पदर सावरला, वळून सुनेकडं बघितलं. सून व्हरांड्यात उभी होती. माझ्याच वयाची असेल. हातात मोबाईल.

"वैनी, तुमीच तर सांगितलंत," मी म्हणाले. "मेसेज हायेत की माझ्याकडं."

खोकं गाडीच्या सीटवर टेकवलं, एका हातानं धरलं, दुसऱ्या हातानं मोबाईल उघडला. आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक मेसेज जायला लागला. हा मेसेज डिलीट केला आहे. हा मेसेज डिलीट केला आहे. वर बघितलं तर व्हरांड्यात तिचा अंगठा चालला होता. ती माझ्याकडं बघत नव्हती. खाली मान घालून, पाटीवरचा अभ्यास पुसावा तसं पुसत होती.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पंचवीस-तीस पाहुणे. सगळे आमच्याकडं बघत होते. कुणीतरी हसलं. काकींचा आवाज एकदम मऊ झाला. पाहुण्यांना ऐकू जाईल असा.

"फसवलं असंल गं तुला कुणीतरी. फेक ऑर्डरी लय येत्यात आजकाल. बघून घ्यावं जरा." आणि मग हळू, फक्त मला, "गाडी फाटकासमोरनं काढ. पावणे यायचेत अजून."

मी गाडी काढली. हे मला लिहायची लाज वाटते, पण लिहिते. एक शब्द बोलले नाही. केक गुडघ्यांमध्ये धरून तशीच घरी आले. नवरा एमआयडीसीत टर्नर आहे, त्याची पहिली पाळी सुटून तो आला होता. त्यानं खोकं बघून विचारलं, "आगं, परत का आणलास?"

"फेक ऑर्डर होती," मी म्हणाले.

सासूबाईंनाही तेच सांगितलं. शेजारणींनाही तेच. काकींनी दिलेलं वाक्य मी माझ्या तोंडानं घरोघर पोचवलं. त्यांनी मला फाटकात खोटं पाडलं आणि मी घरी येऊन त्यांची बाजू सांभाळली! मला काकींपेक्षा जास्त माझाच राग येतो. आजही येतो.

केकवरची नावं आधी सुरीनं खरवडली. मग कापला.

माझी आई कोरेगावची. लग्नाकार्यात कामाला जायची. ढीगभर भांडी घासायची, जागा सारवायची, पत्रावळी उचलायची. पण परातीतल्या कणकेला हात लावायचा नाही. एकदा मी लहान असताना कणकेचा गोळा खाली पडला तो उचलून परत परातीत ठेवला, तर अख्खी परात गुरांपुढं टाकली. आईनं मला तिथंच मारलं. ज्यांनी परात ओतली त्यांना ती काय बोलणार होती? मला मारलं.

त्याच हातांनी मी मैदा भिजवते. एका बेकरीत चार वर्षं पॅकिंगला होते. तिथं बघून बघून शिकले, मग हप्त्यावर ओव्हन घेतला. पहिला केक करपला, दुसरा मधे बसला, तिसऱ्यानंतर एकही बिघडला नाही. माझा स्पंज कराडात कुणापुढंही ठेवा. मला माझी बढाई मारायला लाज वाटत नाही. ती मारायला आमच्या घरात आधी कुणाला मिळाली नव्हती.

फाटकातल्या त्या प्रकारानंतर ऑर्डरी कमी झाल्या. का, ते कळायला पंधरा दिवस लागले. बेकरीतली जुनी मैत्रीण म्हणाली, "तुझ्याबद्दल बोलत्यात की गं. न मागवलेला केक घिऊन दारात जाती आन् पैसं मागती म्हणं." म्हणजे फसवणारी मी झाले. माझ्याकडं काय होतं? एक ओव्हन आणि एक नाव. ओव्हनचे हप्ते मी भरत होते. नाव त्या एका दुपारी गेलं होतं.

आणि पुरावा माझ्या मोबाईलमध्येच होता. ऑर्डर घेताना चूक नको म्हणून माझी एक सवय आहे. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक मेसेजला रिप्लाय दाबून मी त्याच्याखालीच उत्तर लिहिते. 'तीन किलो?' होय वैनी, तीन किलो. 'चॉकलेट नको, बटरस्कॉच.' बरं वैनी, बटरस्कॉच. सुनेनं तिचे मेसेज पुसले, पण माझ्या प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर तिचं वाक्य तसंच उरलं होतं. नाव, तारीख, पत्ता, सगळं. हे मला तिसऱ्याच दिवशी दिसलं. दिसूनही मी गप्प बसले. कुणाला दाखवायचं? बंगल्याशी कोण वाकडं घेणार?

त्याच दिवसांत खरी फेक ऑर्डर आली. खरी म्हणजे खरोखरची चोराची. मेसेजवर वर्दीतला फोटो, नावाच्या आधी मेजर. जवानांसाठी दहा किलो केक पाहिजे. आमच्या साताऱ्याकडं वर्दी बघितली की माणूस अर्धा विरघळतो. माझा भाऊही फौजेत आहे. मी लगेच 'हो साहेब' लिहिलं. त्यानं काही विचारलं नाही. कुठं राहता, कुणाच्या तुम्ही, आडनाव काय, काही नाही. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, बघा, फौजी माणूस असा असतो.

मग त्यानं चौकोनी कोड पाठवला. हा स्कॅन करा, तुमचे पैसे तुम्हाला येतील. सुदैवानं मी आधी भावाला फोन लावला.

"आक्का," तो म्हणाला, "पैसं घ्यायला कुणी स्कॅन करतंय व्हय? त्यो कोड पैसं काढायचा हाय. आन् दहा किलो केक मागतोय, त्यावर काय लिवायचं त्ये तरी सांगितलं का त्यानं?"

सांगितलं नव्हतं. अंड्याचा की बिनअंड्याचा, तेही विचारलं नव्हतं. केक खाणारा माणूस असा नसतो. मी नंबर ब्लॉक केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. डोकं सणकलं होतं. इतक्या दिवसांत मला जात न विचारणारं एकच गिऱ्हाईक भेटलं होतं, आणि ते चोर होतं.

पुढच्या महिन्यात आमच्या बचत गटाला तालुक्याच्या हॉलमध्ये बोलावलं. ऑनलाइन खोट्या ऑर्डरी कशा ओळखायच्या, याचं शिबिर. पापडवाल्या, मसालेवाल्या, शिवणवाल्या, सत्तर-ऐंशी बायका. शिकवायला सांगलीहून एक मॅडम आल्या होत्या. आणि मधल्या खुर्चीत, गळ्यात हार घालून, प्रमुख पाहुण्या म्हणून काकी. त्या कुठल्याशा महिला मंडळाच्या अध्यक्षा आहेत हे मला तिथं कळलं.

मॅडम चांगलं शिकवत होत्या. फळ्यावर लिहीत होत्या. घाई करतो तो संशयाचा. भाव अजिबात करत नाही तो संशयाचा. पैसे देण्यासाठी कोड पाठवतो तो चोरच. मी मनातल्या मनात माना डोलावत होते. मग त्या म्हणाल्या, "जो अर्धंच नाव सांगतो, पत्ता नीट सांगत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

माझे कान तापले. कारण माझ्या केकच्या व्हॉट्सअ‍ॅप खात्यावर माझं अर्धंच नाव होतं. आडनाव नव्हतं. पत्ता 'पेट्रोल पंपाच्या मागे' एवढाच. वस्तीचं नाव मी मुद्दाम टाकलं नव्हतं. सगळ्या ऑर्डरी त्या अर्ध्या नावावर यायच्या. चोर लपतो ते कुणी पकडू नये म्हणून. मी काय केलं होतं म्हणून लपत होते?

मग काकी बोलायला उठल्या.

"आमच्याच दारातली गोष्ट सांगते," त्या म्हणाल्या. "एक गरीब पोरगी केक घिऊन आली. तिला कुणीतरी फसवलेलं. रडकुंडीला आल्ती बिचारी. आमी तिला समजावलं, बसवलं, पाणी दिलं आन् धाडलं."

बायका च्‌ च्‌ करत होत्या.

पाणी. पाणी दिलं म्हणाल्या. ऑर्डर नव्हती म्हणाल्या ते मी गिळलं होतं. फसवलेली पोरगी म्हणाल्या तेही गिळलं असतं. पण त्या घरानं मला पाणी दिलं? मला? भर उन्हात फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही आणि ऐंशी बायकांसमोर माझ्या नावावर पुण्य बांधायला निघाल्या!

मी उठले. गटाच्या अध्यक्षा शेजारीच होत्या. त्यांनी माझा पदर ओढला. "गप खाली बस."

बसले नाही.

"आवं काकी, पाणी कवा दिलंत?"

त्यांनी मला ओळखलं. चेहऱ्यावर दिसलं.

"ती पोरगी मीच. रडकुंडीला न्हवते आले. बोलायचं राहून गेलं होतं, ते आज बोलते."

मोबाईल काढला आणि सुनेचे मेसेज वाचायला लागले. तिचं वाक्य, माझं उत्तर. तिचं वाक्य, माझं उत्तर. तीन किलो. बटरस्कॉच. बिनअंड्याचा. आत्यांचं नाव आधी, मामांचं नंतर, म्हणजे सासू-सासऱ्यांचं. साडेचारला या, केक पाचला कापायचाय. शेवटी बंगल्याचा पत्ता.

"ही गावगप्पा मारायची जागा न्हाई," काकी म्हणाल्या.

"न्हाई ना? मग तुमीच सुरू केलीत." मग मी मॅडमकडं वळले. "मॅडम, फळ्यावर आणखी एक खूण लिवा. केक पसंत पडतो, करणारीचं आडनाव पसंत पडत न्हाई, आन् मग ऑर्डर दिलीच न्हवती म्हणायचं. ही बी फेक ऑर्डर. ही कशी वळखायची त्ये शिकवा आमाला."

मॅडमच्या हातात पेन होता. त्यांनी ते लिहिलं नाही. टोपण लावलं आणि म्हणाल्या, "आपण चहा घेऊया."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एक मसालेवाली बाई बाहेर येऊन माझा हात दाबून गेली, इकडंतिकडं बघून. बाकी सगळ्या बिस्किटं खात होत्या.

दोन दिवसांनी सुनेचा फोन आला. आवाज दबलेला. "ताई, आत्यांनी पुसायला लावलं हो. माझं काय चालतंय इथं? केकचे पैसे आजच पाठवते. तुमी फक्त गटाच्या ग्रुपवर लिहा, गैरसमज झाला होता म्हणून."

"वैनी, गैरसमज कुणाचा झाला होता?"

ती नुसतं 'ताई, ताई' करत राहिली.

"पैसं नकोत मला. ऑर्डर आमचीच होती, एवढं तुमी लिवा त्या ग्रुपवर. तुमच्या नावानं."

तिनं फोन ठेवला. अजून लिहिलेलं नाही. तिची अडचण मला कळते. पण तिच्या अडचणीपायी माझं नाव मी दुसऱ्यांदा पुसू देणार नाही.

त्याच संध्याकाळी खात्यावर पूर्ण नाव टाकलं. आडनावासकट, वस्तीच्या नावासकट. नवरा म्हणाला, "गिऱ्हाईक जाईल." गेलं. निम्म्याच्या वर गेलं. गटाच्या अध्यक्षा माझ्याशी बोलत नाहीत. मूळच्या सांगलीच्या एक जैन आजी आहेत, त्या मात्र अजून दर महिन्याला मागवतात. अंडं नाही ना, भांडी वेगळी ना, असं चार-चारदा विचारतात. मी चार-चारदा सांगते. तो प्रश्न केकचा आहे. केकचं काहीही विचारा, उत्तर द्यायला मी बांधलेली आहे.

माझ्याबद्दलच्या प्रश्नाचं तसं नाही. परवा एका बाईंचा मेसेज आला. दोन किलो, मुलाचा वाढदिवस, पूर्ण रक्कम आधी द्यायला तयार. मग खाली, 'वस्तीतलं नाव दिसतंय, पण तुमी नक्की त्यातल्या न्हाई ना?'

हप्त्याची तारीख तोंडावर होती. दोन किलो म्हणजे हप्ता सुटत होता.

मी लिहिलं, 'त्यातलीच आहे. तुमची ऑर्डर मी घेत नाही.'

त्यांनी लिहिलं, 'अहो, मी सहज विचारलं.'

चोरांचे नंबर ज्या ब्लॉकच्या यादीत टाकते, त्याच यादीत तो नंबर टाकला. यापुढंही टाकणार आहे, यादी कितीही लांबली तरी.