डाव्या जाळीच्या गाठी

गोल्फच्या सराव मैदानामागे एका खोलीत काठ्या दुरुस्त करणारा जो माणूस बसे, त्याला सगळे शंकासुर म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्याला संशय होताच.

पाकीट आलं तर तो आधी मागची बाजू बघे. डॉक्टरने प्रकृती ठणठणीत आहे असं सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जाई. काहीतरी बिघडलंय असं सांगितलं, तर मात्र पहिल्यावरच विश्वास ठेवी. त्याची बायको घरी कपडे उसवून बेताचे करून देण्याचं काम करायची. ती म्हणे, मी निदान उसवल्यावर शिवते तरी. लग्नाच्या वेळी सासूबाईंना सांगण्यात आलं होतं की मुलगा ड्रायव्हर दुरुस्त करतो. गोल्फमधली सगळ्यात लांब काठी, जिने पहिला फटका मारायचा, तिला ड्रायव्हर म्हणतात, हा खुलासा राहून गेला. बरीच वर्षं सासूबाई जावयाला गाडी चालवणाऱ्यांचा वैद्य समजत होत्या आणि आपल्या गुडघ्यांबद्दल विचारत होत्या. त्याने एकदोनदा औषधही सुचवलं होतं, म्हणतात.

खोली आठ पावलं लांब, पाच पावलं रुंद. काठी घट्ट पकडून ठेवायला टेबलाला आवळलेला लोखंडी व्हाइस, दांड्याचा गोंद सैल करायचं गरम हवेचं यंत्र, मुठीचे रबर, वजनाचा एक बारीक काटा, आणि बिस्किटांच्या डब्यात शिशाच्या पातळ चिकटपट्ट्या. खिडकीतून सगळं मैदान दिसे. समोर बारा चटया, त्यांच्यापुढे हिरवळ, दूरवर दोन पांढरे खांब, आणि दोन्ही बाजूंना उंच जाळ्या.

उंच म्हणजे, उजवी उंच. मैदानावर येणाऱ्या बहुतेकांना एकच आजार होता. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू बरा निघतो आणि अर्ध्या वाटेवर काहीतरी विसरल्यासारखा उजवीकडे वळतो. त्याला स्लाइस म्हणतात. त्यामुळे उजवी जाळी दोनदा वाढवावी लागली होती, आणि गाठी मारून मारून तिचं मूळ सूत किती उरलंय हा प्रश्नच होता. डावी जाळी बुटकी आणि कोरीकरकरीत होती. तिच्यापलीकडे गाड्या उभ्या करायची जागा होती, कारण तिकडे चेंडू जात नसत.

या आजारावर शंकासुराचा इलाज शिशाचा. ड्रायव्हरच्या डोक्याची जी बाजू खेळणाऱ्याच्या पायाकडे असते तिला टाच म्हणतात. तिथे तो एक पट्टी चिकटवी. टाच जड झाली की काठीचं तोंड फटक्याच्या वेळी जरा लवकर मिटतं आणि चेंडूचा उजवीकडचा ओढा कमी होतो. गिऱ्हाईक येऊन म्हणे, माझा हात सुधारला बरं का. तो मान हलवी. पट्टीचा विषय तो स्वतःहून कधी काढत नसे.

मैदान थोरल्या मालकांनी काढलं होतं. आता त्यांचा मुलगा बघत होता. शंकासुर त्याला चारचौघांत मालक म्हणे आणि एकटं असताना तू. मुलगा त्याला दोन्हीकडे काका म्हणे. एका सकाळी हा मुलगा खोलीत आला, त्याच्याबरोबर काठ्या बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस होता, आणि त्या माणसाच्या हातात एक ड्रायव्हर होता, ज्याचं डोकं लहान नारळाएवढं होतं. नव्या घडणीचा आहे, असं कंपनीचा माणूस म्हणाला. वजन आधीच टाचेकडे, तोंड किंचित मिटलेलं, फटका मधोमध बसला नाही तरी चालतं. हा चुका माफ करतो.

शंकासुराने विचारलं, "का?"

या प्रश्नाचं उत्तर माहितीपत्रकात नव्हतं. कंपनीचा माणूस वर्षभरापूर्वीपर्यंत गाद्या विकत होता; त्याही सगळं माफ करणाऱ्याच असाव्यात.

मग मालकाने, काकांच्या नजरेला नजर न देता, खरं काम सांगितलं. हे ड्रायव्हर चालले तर पट्ट्या आणि दुरुस्ती फारशी लागणार नाही. खोलीत चेंडू झेलणारा मोठा पडदा लावून नव्या काठ्या आजमावायची सोय करायची. पण उगाच नाही. रविवारी परीक्षा घेऊ. आपले दहा जुने लोक, आधी स्वतःच्या काठीने दहा चेंडू, मग नव्या काठीने दहा. दोन खांबांच्या आत किती गेले ते मोजायचं. नवीन जास्त निघाले तर खोली रिकामी करायची, नाही निघाले तर हा विषय पुन्हा काढणार नाही.

"कबूल आहे ना काका?"

"हा इथे ठेवून जा," शंकासुर म्हणाला.

आठवडाभर त्याने त्या ड्रायव्हरची झडती घेतली. नखाने टिचकी मारून आवाज ऐकला, काट्यावर ठेवला, दोऱ्याला टांगून तोल पाहिला, शेवटी दांडा काढून आत पातळ तार घालून पाहिली. वजन टाचेकडेच होतं, जिथे तो वीस वर्षं पट्टी लावत आला होता तिथेच, बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही. फक्त यांनी ते आतून लावलं होतं आणि डब्यावर छापलं होतं. खोट सापडेना, तसा त्याचा संशय वाढला. दाखवायचा माल वेगळा आणि डब्यातला वेगळा असणार, असं त्याने ठरवलं. कंपनीच्या माणसाने परीक्षेसाठी आणलेले दहाही डबे पुढे केले आणि म्हणाला, तुम्हीच निवडा काका. हे तर फारच वाईट लक्षण होतं.

घरी बायकोने विचारलं, खोली गेली तर काय करणार. तो म्हणाला, काहीतरी घोळ आहे, फक्त कुठे ते कळत नाही. ती म्हणाली, घोळ नसेल तर? हा विचार त्याने करून पाहिला, पण त्याला तो जमला नाही.

रविवारी दहाही जण आले. दातांचे डॉक्टर, विम्याचा एजंट, निवृत्त भूमितीचे मास्तर, बाकीचे. स्वतःच्या काठ्यांनी प्रत्येकाचे दहापैकी चारपाच चेंडू खांबांच्या आत पडले. मग नवे ड्रायव्हर वाटले. डॉक्टरांनी पहिला मारला. सुरेख आवाज आला, चेंडू उंच गेला, उजवीकडे मुळीच वळला नाही आणि सरळ डाव्या जाळीवरून गाड्यांमध्ये जाऊन पडला. एजंटाचा त्याच्या मागोमाग. मास्तरांचे दहापैकी नऊ. शंभर चेंडूंत खांबांच्या आत अकरा गेले, आणि पुढची काच फुटली ती कंपनीच्या माणसाच्या गाडीची.

कंपनीच्या माणसाने स्वतः उभं राहून पाच फटके मारले, पाचही मधोमध. त्याचा उपयोग झाला नाही. विकणाऱ्याच्या हातात सगळंच सरळ जातं, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते स्वतः कवळ्या बसवत असल्यामुळे ते सगळ्यांना पटलं. दुपारपर्यंत डबे गाडीत परत गेले. मालक काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, राहिली तुमची खोली.

इथे दुसऱ्या कोणीही पेढे नाही तरी चहा मागवला असता. शंकासुर खिडकीत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा निकाल त्याच्या बाजूने लागला होता, आणि इतका संशयास्पद निकाल त्याने कधी पाहिला नव्हता. पट्टी लावली की चेंडू थोडा सुधारतो. तीच पट्टी कारखान्यात लावली तर तो डावीकडे कसा पळतो?

सोमवारी सकाळी मैदान रिकामं असताना तो चटयांवरून चालत गेला. प्रत्येक चटईवर वर्षानुवर्षं उभं राहून दोन पावलांचे ठसे झिजले होते. असे ठसे तो रोज बघत होता, पण त्यांची झडती त्याने कधी घेतली नव्हती. बाराही चटयांवर पावलं तिरपी होती. दोन्ही ठशांना जोडणारी रेघ खांबांकडे जात नव्हतीच, डाव्या जाळीकडे जात होती.

चेंडू उजवीकडे वळणार हे माहीत असलेला माणूस हळूहळू डावीकडे रोख धरून उभा राहतो, म्हणजे वळून वळून चेंडू मध्ये येईल. मग हे तो विसरतो, आणि पाय विसरत नाहीत. नवी काठी चेंडू वळू देत नव्हती. पाय जिकडे सांगत होते तिकडेच तो प्रामाणिकपणे जात होता. नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आहे. इथे अंगण सरळ केल्याबरोबर नाचणाऱ्यांचे पाय वाकडे निघाले होते.

हे जगात फक्त त्याला ठाऊक होतं, आणि गप्प बसण्याएवढं सोपं काम दुसरं नव्हतं. तीन दिवस त्याने ते केलंही.

गुरुवारी मास्तर आले. त्यांनी आपला जुना ड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, हा कोणाला तरी देऊन टाका, मी आता येणार नाही. शंकासुराने कारण विचारलं.

"अहो, जी काठी सगळ्या जगाला माफ करते, तिने मला दहापैकी नऊ वेळा नाही केलं," मास्तर म्हणाले. "या वयात माणसाने कळून घ्यावं."

शंकासुराने काठी व्हाइसमध्ये लावली, परत काढली. मग झडतीनंतर पुन्हा जोडलेला, पण परत द्यायचा राहून गेलेला तो पहिला नवा ड्रायव्हर घेतला आणि मास्तरांना चटईवर नेलं. एक दांडा जमिनीवर खांबांच्या दिशेने आडवा ठेवला आणि म्हणाला, याला समांतर उभे राहा. मास्तर उभे राहिले आणि लगेच म्हणाले, हे तर उजवीकडे झालं.

"चाळीस वर्षं समांतर शिकवलंत. खाली बघा."

मास्तरांनी खाली पाहिलं. मग बराच वेळ ते चटईवरच्या जुन्या ठशांकडे पाहत राहिले, वर्गात फळ्यावर स्वतःचीच चूक सापडल्यासारखे. पहिला चेंडू खांबांच्या आत गेला. आठवाही गेला. नववा मारण्याआधी त्यांनी विचारलं, हे अजून कोणाला सांगितलंय. कोणाला नाही, असं कळल्यावर त्यांनी काठी खाली टेकवली.

"तुमची खोली जाईल की."

"जाईल. पण ती कशामुळे राहिली होती ते बघायला नको?"

पुढच्या रविवारी परीक्षा पुन्हा झाली, बारा चटयांवर बारा दांडे आडवे ठेवून. शंभरांत चौसष्ट चेंडू आत गेले. कंपनीच्या माणसाने गाडी या वेळी रस्त्यापलीकडे लावली होती. संध्याकाळी शंकासुर व्हाइसचे स्क्रू काढत असताना मालक दाराशी आला. त्याला आनंद झालेला दिसत नव्हता.

"काका, खरं सांगा. यात तुमचा काय फायदा?"

"काही नाही."

"असं कसं? काहीतरी असेलच."

"मलाही तसंच वाटतंय. सापडलं तर सांगीन," शंकासुर म्हणाला.

खोली गेली. ठरल्याप्रमाणे तिथे पडदा लागला. पण बुधवार उजाडेपर्यंत डॉक्टरांचे पाय पुन्हा तिरपे झाले, शनिवारपर्यंत एजंटाचे, आणि गाड्यांची एक काच आणखी गेली. तेव्हा मालकाने सातव्या चटईमागे एक खुर्ची ठेवली. काकांनी तिथे बसून लोकांच्या पायांकडे बघायचं. टेबल आणि व्हाइसही तिथेच छपराखाली आले. शंकासुराच्या मते ही खुर्ची दयेने दिलेली आहे आणि तिच्यामागे अजून काहीतरी आहे. बायकोच्या मते ती खुर्ची आहे. मालक मात्र दिवसातून दोनदा येऊन त्याच्यामागे उभा राहतो, तो नक्की कशाकडे बघतो हे बघायला.

डाव्या जाळीला आता सहा गाठी आहेत. मालक म्हणतो चार. दोघांनी आपापल्या वेळी एकेकट्याने जाऊन मोजल्या आहेत.