छत्तिसावी फ्रेम

कॅमेऱ्याच्या पट्ट्याला अजून जलपर्णीचा कुजका वास येतो. आज कपाट आवरताना तो नाकात शिरला आणि मी पुन्हा त्या कॅनूत जाऊन बसलो.

निवृत्तीनंतर मी आणि माझी बायको सुमन नाशिकहून गोदावरीतून वल्हवत नांदूरमधमेश्वरचे पक्षी बघायला निघालो होतो. चौथ्या दुपारी जलपर्णीने आम्हाला असं घेरलं, की वल्हं पाण्याला लागेना. मी दोन्ही हातांनी ती उपटत होतो, काठाकडे बघून ओरडत होतो. सुमन छाती दाबून बसली होती.

"अहो, ओरडू नका. माझा एक फोटो काढा."

"रोलमध्ये एकच फ्रेम उरलीय गं. पक्ष्यांसाठी ठेवलीय."

"बरं," ती म्हणाली, आणि केस सारखे करणारा हात तिने खाली घेतला.

संध्याकाळी मासेमारांनी दोर टाकून आम्हाला ओढलं. "बाबा, आजी बोलत नाय," त्यांच्यातला एक म्हणाला. मी तरी तिला सांगत राहिलो, पोचलोच आता, पोचलोच.

तो रोल अजून कॅमेऱ्यात आहे. पस्तीस फोटो नदीचे, तिचा एकही नाही. मघाशी मी तिच्या रिकाम्या खुर्चीवर कॅमेरा रोखला. बटण काही दाबवलं नाही.