सारजाचा डोकरा विलायतेला जातो

आमी दोघं नवरा-बायको अंगणात बसून कापसातलं सुकं पान वेचत होतो. ती म्हणाली, "पान राहिलं त कापूस काळा दिसते." मग भाकरी टाकायले उठली. रात्री ताप भरला, त्या तापातच गेली. तेरवी उरकली अन् तिनं साफ केलेल्या कापसाचा डोकरा (दाबून शिवलेला गठ्ठा) गाडीत घालून मी हिवरखेडहून अकोल्याला निघालो. तिचा कापूस कोणाच्यात मिसळू द्यायचा नाही, एवढंच मनात होतं.

अमेरिकेत लढाई चालू, तिकडचा कापूस बंद, म्हणून विलायतेले आपला कापूस पाहिजे. काळ्या वावरांमधून सडकभर गाड्याच गाड्या. पूर्णा नदीच्या काठी बैल सोडले, भाकर-ठेचा खाल्ला. तेवढ्यात गाडीवान गणू गडवा (लोटा) भरून डोकऱ्याकडे निघाला. वजन वाढावं म्हणून सारेच तिथं कापसावर पाणी शिंपडत.

"मामा, तुमी येकटेच सुके जाऊन राहिले. लोक हासतीन."

"हासू दे. तिच्या हातच्या कापसाले पानी लागनार नाही."

गणूनं ते पाणी बैलाले पाजलं.

अकोल्याच्या बाजारात दलालानं शिवण उसवून कोपरापर्यंत हात घातला, आतला कापूस काढून गालाले लावला. मग त्यानं सांगितलं, की इथून आगगाडीपर्यंत गाड्या, पुढं मुंबई, मग कैक महिने जहाजाच्या पोटात. ओला कापूस तिथं तापतो, कुजतो, शेजारचाही नासवतो. ओल्या गाड्या त्यानं वाळवणीवर धाडल्या. तो सारा माल एकत्र होणार होता. माझा डोकरा पहिल्या खेपेत, वेगळा.

"बुढेबा, वेगळा जाईन त निशाणी लागते. कोनाचं नाव टाकू?"

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. जन्मभर मी तिले 'अवं' म्हणलं.

"सारजा," मी म्हणालो.

मागं कोणीतरी फिसकन हासलं, बुढ्यानं भरबाजारात बायकोचं नाव घेतलं म्हणे. मी त्याच्याकडे तोंड केलं.

"सारजा. मोठ्या अक्षरात लिहा."

मले वाचता येते जेमतेम. काळ्या शाईच्या एकेका अक्षरावर बोट ठेवून पाहिलं. बरोबर होतं.

येताना गाडी रिकामी, बैल आपसूक पळत होते. सारजानं उभ्या जन्मात पूर्णा ओलांडली नव्हती. आता तिचं नाव समुद्र ओलांडणार, अन् तिकडं तो डोकरा कोणी फोडीन तेव्हा त्याले एक पान सापडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातला उरलेला कापूस अंगणात पसरला, तिची जागा मोकळी ठेवून बसलो अन् पान वेचायले लागलो.