लेकीच्या अंगातलं तांबं
आमच्या पहिल्या डॉक्टरांनी मला वर्षभर फसवलं. माझं मोडीचं दुकान आहे, आणि तांब्याची जुनी भांडी निवडताना हाताला तो कडवट वास लागला की अजून डोकं तापतं. माझ्या तेव्हा नऊ वर्षांच्या लेकीला सारखे मुतखडे व्हायचे आणि डॉक्टर दर वेळी "पाणी जास्त पाजा" एवढंच सांगायचे. शेवटी भांडून रिपोर्ट घेतले आणि तिला कोल्हापुरातल्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, रक्त-लघवी तपासली आणि म्हणाल्या, "हिच्या अंगात तांबं साठतंय, खडे त्यामुळेच होतात. आईवडील दोघांकडून आलेला दोष आहे. एरवी यात आधी लिव्हर बिघडतं, हिच्या मूत्रपिंडांनी आधी खूण दिली. लिव्हर अजून शाबूत आहे, वेळेत आलात." मी उसळलो, "अवो, तांबं पारखण्यात हयात गेली माझी, मला कसं कळलं न्हाय?" तपासणीच्या टेबलावरून लेक ओरडली, "पप्पा, मला मोडीत घालू नका की!" बाई पोट धरून हसल्या, मीही हसलो. आज ती रोज उपाशीपोटी गोळी घेते, कॉलेजला जाते आणि माझ्याशी भांडते. पण एवढ्या लहान पोरीला पुन्हा पुन्हा खडे का होतात, हा प्रश्न वर्षभरात एकदाही का पडला नाही, ते त्या पहिल्या डॉक्टरांनी माझ्या दुकानात येऊन, तिच्यासमोर सांगावं.