फणस, मामाचं तेल आणि घसरणारा क्लच : देवरूख ते हर्णे

आमच्या आईला गाडी लागते. एस्टी असो, मोटार असो की टेम्पो, दार बंद होऊन पहिलं वळण आलं की तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते. मोटरसायकलवर मात्र तिला काही म्हणजे काही होत नाही. तोंडावर वारा लागला की उलट गाणी म्हणते. हा शोध आम्हाला फार उशिरा, मी स्वतःची गाडी घेतल्यावर लागला. तोवर घाटाखालची निम्मी लग्नं आणि सगळी बारशी तिने पुण्यात बसून फोनवर साजरी केली होती.

यंदा मे महिन्यात ती एकदम म्हणाली, "वैशू, मला शकूकडे नेशील?" शकू म्हणजे देवरूखच्या शाळेत आईच्या बाकावर बसणारी मैत्रीण. लग्न होऊन ती हर्णेला गेली आणि दोघींची शेवटची भेट माझ्या जन्माआधीची. फोन व्हायचे, पण अलीकडे त्यात कुरबूर आली होती. "तिला यायला काय होतं? दरवेळी मलाच का बोलावते?" असं आई म्हणायची. शकूमावशी तिकडून काय म्हणत असेल ते सांगायला नकोच. शेवटी आईच नमली, पण अट घालून. "एस्टीने न्यायचं असेल तर राहू दे. एवढ्या वर्षांनी भेटायचं आणि दारात ओकत उतरायचं, शोभतं का?"

म्हणजे गाडी एकच चालणार होती, माझी जुनी दीडशे सीसीची मोटरसायकल.

पहिल्या दिवशी पुणे, कराड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा असं करत देवरूख गाठलं. पहाटे निघालात तर ऊन चढायच्या आत कराड मागे पडतं. घाटात रस्ता बरा आहे, पण वळणावर समोरचा ट्रक आपली बाजू सोडतो हे गृहीत धरूनच चालवा. मुक्काम बाबूमामाकडे, म्हणजे आईच्या धाकट्या भावाकडे. दारातच जयभीम झाला, पाण्याचा तांब्या आला आणि मामाने माझ्या गाडीभोवती फेरी मारली. मामा निवृत्त कारकून आहे, पण वृत्तीने सदैव मेकॅनिक. त्याच्याकडे पाहुणा येतो तेव्हा पाहुण्याच्या गाडीचाही पाहुणचार होतो. हे मला माहीत होतं, तरी मी चावी खुंटीला अडकवून झोपले.

सकाळी उठून बघते तर गाडी चकाचक! चेन पुसलेली, आरसे लखलखीत आणि मागे सुंभाने बांधलेला मोठा कापा फणस.

"शकूला दे, माझी आठवण म्हणून," मामा म्हणाला. "आणि गाडीचा तेल बदललाव. क्लच ढिला होता तो पण आवळलाय. आता बग, कशी पळतेय ती!"

पोह्यांवर ओलं खोबरं होतं, मन भरून आलं होतं, म्हणून मी काही तपासलं नाही. गाडीवर बसण्याआधी क्लचचा लिव्हर एकदा दाबून बघणारी मी, त्या दिवशी मामाला हात हलवत निघाले.

संगमेश्वरला हायवेला लागेपर्यंत सगळं गोड चाललं होतं. पुढे चढावर एका टँकरला ओव्हरटेक करायला गेले आणि थ्रॉटल पिळला, तर इंजिन नुसतंच किंचाळलं. आवाज वाढला, वेग होता तिथेच. टँकरवाला आमच्याकडे बघत निवांत पुढे गेला.

"काय झालं गं?" आईने मागून विचारलं.

"क्लच घसरतोय."

"फणसाने का? उतरवू का त्याला?"

सावर्ड्याच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर थांबले. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनाची ताकद चाकाकडे जाते ती एकमेकींना घट्ट चिकटून फिरणाऱ्या चकत्यांमधून, म्हणजे क्लचप्लेटांमधून. त्या घसरल्या की इंजिन फिरत राहतं आणि चाकाला त्याचा पत्ता नसतो. खात्री करायला मी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली, ब्रेक दाबून धरला आणि थोडा थ्रॉटल देत क्लच हळूहळू सोडला. निरोगी गाडी अशा वेळी आचका देऊन बंद पडते.

"बंद पडली तर बरं की वाईट?" आईने विचारलं.

"बरं."

गाडी बंद पडली नाही. घुरघुरत उभी राहिली. "तुझं शास्त्रच उलटं," आई म्हणाली आणि तिने दुसरा चहा सांगितला.

लिव्हर दाबून बघितला तर तो पहिल्यापासूनच ताठ. लिव्हर थोडा मोकळा हलायला हवा, मग केबल ओढली जायला हवी. ही मोकळीक नसली तर आपण हात लावला नाही तरी क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. मामाने प्रेमाने आवळला होता तो हाच. मी अ‍ॅडजस्टर फिरवून केबल सैल केली, पुन्हा तीच परीक्षा घेतली आणि गाडी आचका देऊन बंद पडली. आईने टाळ्या वाजवल्या. मला तर वाटलं, आपण गॅरेजच काढावं.

चिपळूणला जेवलो. सुरमईची थाळी घ्या, सोलकढी परत मागा, देतात. आई तोवर शकूमावशीला फोन करून मोकळी झाली होती. "लिलावाच्या आधी पोचतोय, बंदरावरच ये." हर्णेला संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो आणि शकूमावशी रोज तिथे असते.

परशुराम घाटाच्या चढाला माझं गॅरेज बंद पडलं. गाडी तापली होती, आणि मघापेक्षा वाईट घसरायला लागली. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा गलका आणि शेजारून एक सायकलवाला, बिचारा तोही चढाने वैतागलेला, आमच्या बरोबरीने. करपल्यासारखा वासही येऊ लागला. मी गाडी कडेला घेतली. आई फणसाशेजारी दगडावर बसली.

"एस्टी मिळेल खेडपर्यंत," ती म्हणाली. "नाहीतर परत फिरू. शकूला सांगते, नाही जमलं म्हणून. तिला सवय आहे."

हे ऐकून मला रडूच आलं. मी मामाला फोन लावला.

"मामा, तेल कुठलं घातलंस?"

"अगो, एकदम भारी! नीलेशने आनलान मुंबैसून. त्याच्या सायबाच्या मोटारीतला हाय. हाताला लावून बग, कसा सुळसुळीत!"

नीलेश म्हणजे मामाचा मुलगा, मुंबईत एका साहेबांची मोटार चालवतो. मुंबईहून येताना रिकाम्या हाताने यायचं नाही ही आमच्याकडची रीत. कोणी बिस्किटं आणतो, कोणी साड्या, नीलेश ऑइल आणतो. मामाने ते उंची तेल स्वतःच्या गाडीला न घालता भाचीसाठी जपून ठेवलं होतं.

फोन स्पीकरवर होता. आईने एकदा फणसाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"वैशू, फणस कापताना आपण हाताला तेल का लावतो?"

"चीक चिकटू नये म्हणून."

"आणि तुझ्या त्या चकत्या?"

"चिकटायला हव्यात."

"मेल्या बाबू!" आई फोनमध्ये ओरडली.

तसं मोटरसायकलच्या प्लेटा तेलातच फिरतात, पण ते तेल त्यांना मानवणारं लागतं. मोटारीचा क्लच इंजिनाच्या तेलापासून वेगळा असतो, म्हणून तिच्या तेलात घर्षण कमी करणारे पदार्थ खुशाल घालतात. आमच्या गाडीत त्यांनी क्लचलाच शेंड्या लावल्या होत्या.

उतार होता, तसंच हळूहळू चिपळुणात परत आलो. गॅरेजवाल्या रफिकभाईंनी वास घेऊन निकाल दिला, "प्लेटी गेल्या, ताई. नव्या रत्नागिरीवरनं मागवायला लागतील. उद्या या."

"आधी तेल बदलून बघू."

"उगाच पैसे घालवताय. प्रॉब्लेम नाय सुटला तर?"

"तर चहा माझ्याकडून. सुटला तर तुमच्याकडून."

पैजेला ते तयार झाले. तापलेलं तेल पूर्ण सोडलं, मोटरसायकलचं साधं तेल भरलं, प्लेटा धुऊन निघाव्यात म्हणून बाजारातून एक मोठी फेरी मारली, तेही सोडून दिलं आणि पुन्हा ताजं भरलं. दोन डबे आणि मजुरी मिळून हजाराच्या आत काम झालं. रफिकभाई स्वतः चढावर फिरवून आले. "थोडी घसरते अजून, पण धरतेय. जाल तुम्ही, फक्त सावकाश." आणि चहा सांगितला. चहा पीत त्यांनी आईला विचारलं, "काकी, एवढा मोठा फणस गाडीवर? एस्टीने का नाय गेलात?" आईने त्यांना सगळी कहाणी सांगितली, पिशवीसकट.

या वेळी परशुराम घाट चढलो. पहिल्या चढाला एकदा इंजिन निसटलं, पण पुढे प्लेटांनी जी पकड धरली ती सोडली नाही. खेड मागे पडलं. दापोलीच्या चढावर मागून गाणं ऐकू आलं आणि मी निश्चिंत झाले.

हर्णेला पोचलो तेव्हा लिलाव संपत आला होता. वाळूवर उरल्यासुरल्या टोपल्या, बर्फ, बैलगाड्या, ओरडून बसलेले आवाज. त्यातून एक लुगड्याचा काष्टा मारलेली बाई सरळ आमच्याकडे चालत आली. शकूमावशीच ती; आईने हेल्मेट काढायच्या आधीच तिने आईला ओळखलं म्हणे, गाडीवरच्या बसण्यावरून.

"एवढा उशीर गो?"

"क्लच गेला होता."

"आनि त्याच्या आधीची एवढी वर्षं? तेव्हा पन क्लचच गेला होता?"

आई उसळली. "तू तरी आलीस का? एकदा तरी?"

शकूमावशी थबकली. इकडेतिकडे बघून, कोणी ऐकत नाही ना अशा बेताने म्हणाली, "अगो, मला गाडी लागते. होडीत काय नाय होत, पन एस्टीत चढले की दापोलीच्या आत ओकते. कोनाला सांगायची लाज वाटते, कोळ्याच्या घरातली मी."

"मलाही गं!" आई म्हणाली आणि दोघी इतक्या हसल्या की शेवटची टोपली विकणारा ओरडायचा थांबला. हसता हसता आई रडायला लागली, शकूमावशीही. मी फणस सोडायच्या निमित्ताने पाठ फिरवली, कारण माझंही तेच झालं होतं.

रात्री अंगणात फणस कापला. दोघींनी कोपरापर्यंत खोबरेल चोपडलं. "हे तेल बरोबर जागी लागलं," आई म्हणाली आणि फोटो काढून बाबूमामाला पाठवायला लावला. मामाचं उत्तर लगेच आलं, "मग नीलेशला काय सांगू? अजून एक डबा हाय."

तीन दिवस राहून मंडणगड, माणगाव, ताम्हिणीमार्गे पुण्यात परतलो. क्लच उघडून घेतला, प्लेटा वाचल्या होत्या. तुम्ही ही सहल करणार असाल तर हर्णेला दुपारीच पोचा, आणि कोणी प्रेमाने गाडीची सेवा केली तर आभार माना, पण निघण्याआधी लिव्हर दाबून बघा.

काल शकूमावशीचा फोन आला. आता तिला पुणे बघायचंय. आज सकाळी बघते तर आईने स्वतःचं हेल्मेट धुऊन, अस्तर उन्हात वाळवून दारात ठेवलं होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"शकूच्या डोक्याला होईल. घेऊन ये तिला."

"आणि तू?"

"मी राहते घरी," आई म्हणाली. "मागची सीट एकच आहे."